लंकेच्या वाटेवर दत्तूचं वजन

अब्बांच्या शिलाई मशीनचा आवाज आमच्या घरात उजाडायच्या आधीपासून चाले. नळदुर्गात हमरस्त्याला लागून आमचं दोन खणांचं घर होतं. पुढं दुकान आणि मागं आम्ही. सोलापूरकडून हैदराबादकडं जाणारे ट्रक आमच्या दारासमोर गिअर बदलत. ती घरघर अब्बांच्या मशीनमध्ये अशी मिसळायची की अर्धवट झोपेत मला वाटे, अब्बाच ट्रक चालवतायत आणि आम्ही सगळे मागं पोत्यांवर निजलोय. त्या हिवाळ्यात या मशीनवर नऊ पिवळे बनियन शिवले गेले. प्रत्येकाच्या पाठीवर लाल कापडाची अक्षरं कापून ‘नळदुर्ग’ लिहायचं होतं. आठ झाले आणि लाल कापड संपलं. नववा माझा होता. त्यावर फक्त ‘नळ’ आलं.

मी तक्रार केली तर अब्बा सुईवरची नजर न काढता म्हणाले, “रिझर्व के वास्ते ‘नळ’ बस है.”

झालं! सगळ्या तालमीत मी नळ झालो. मी आलो की कुणीतरी ओरडायचं, “नळ आला रे, घागरी काढा!” आज ऐंशीच्या घरात मला हसू येतं, तेव्हा मात्र ते झोंबायचं. कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. आमच्या हुतुतूच्या संघात सात खेळणारे, दोन राखीव, आणि त्या दोन राखिवांतला एक मी. आणि हा संघ चालला होता थेट सीलोनला, कोलंबोला. सोलापूरच्या एका संघाला तिथल्या सामन्यांचं बोलावणं आलं होतं. त्यांच्या कप्तानाचा पाय मोडला, दोघांना गिरणीतून रजा मिळेना. आणि जत्रेतल्या सामन्यात आम्ही त्यांना धूळ चारलेली, म्हणून ते बोलावणं फिरत फिरत आमच्या बिराजदार मास्तरांकडं आलं. मास्तर शाळेत कवायत शिकवत आणि संध्याकाळी तालमीत आमच्यावर ओरडत. पत्र वाचून ते एक अख्खा दिवस कुणावरच ओरडले नाहीत. तेव्हा आम्हाला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

मी राखीव होतो तो जळकोटच्या दत्तूमुळं. दत्तू डाव्या कोपऱ्यात उभा राही. चढाई करायला आलेल्या गड्याचा घोटा त्याच्या हातात सापडला की संपलं. बैल दावणीला बांधावा तसा तो गडी तिथंच राहायचा. त्याच्या जागेवर खेळू शकेल असा संघात दुसरा एकच होता, तो मी. आमची दोस्तीही जुनी. सरावाला जळकोटहून सायकल मारत आला की तो आधी आमच्या घरी मागच्या दारानं शिरायचा आणि चुलीपुढं बसायचा. अम्मा त्याला भाकरीवर तुरीचं घट्ट वरण वाढायची, सणासुदीला मलिदा द्यायची. आपण मुसलमानाच्या घरी जेवतो हे आपल्या आईला ठाऊक नाही, अशी दत्तूची पक्की समजूत होती. त्याच्या आईनं मात्र बाजारात अम्माला गाठून “पोरगं लई खातंय का वो तुमच्याकडं?” असं विचारलं होतं, आणि अम्मानं “खाने दो ना, बढता बच्चा है,” म्हणून सांगितलं होतं. हे दोघींनी दत्तूला कधी कळू दिलं नाही.

कोलंबोच्या पत्रात एक ओळ होती. प्रत्येक खेळाडूचं वजन एकशे चाळीस पौंडांच्या वर नको. बाकी आम्ही सगळे काटक्या. दत्तूचाच प्रश्न होता. ती ओळ मास्तरांनी मोठ्यानं वाचली तेव्हा सगळ्यांनी दत्तूकडं पाहिलं, आणि माझ्या मनात एक विचार आला. तो चांगला नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण तो इतका सोपा होता की सोडवेना. दत्तूनं फक्त जेवत राहायचं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी अम्मानं रोट केले. रवा, गूळ, तूप, वर खसखस, आणि प्रत्येक रोट वीतभर रुंद. घरभर तुपाचा वास. ते तिनं एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरले आणि मला विचारलं, “सीलोन कां है रे? सोलापूर के आगे है?” मी म्हणालो, “हौ अम्मा, थोडा आगे.” तिकडं दत्तूची आई त्याला पोचवायला आली ती रडतच. “लंकेत चाललंय लेकरू,” ती मास्तरांना म्हणाली. “तिथं राक्षस असत्यात. तुम्ही ह्याला एकट्याला कुठं सोडू नगा.” मास्तरांनी दत्तूकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “माय, तिथल्या राक्षसांची काळजी करा.”

सोलापूरपर्यंत आम्ही शेंगांच्या पोत्यांवर बसून ट्रकनं गेलो. स्टेशनवर वजनाचं मोठं लाल यंत्र होतं. वर उभं राहून नाणं टाकलं की खडखड आवाज होऊन पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत भविष्य. दत्तूचं तिकीट आलं. एकशे त्रेचाळीस. मास्तरांनी तिकीट उलटं करून भविष्य वाचलं. “लवकरच संतती होईल म्हणतंय,” ते म्हणाले. “त्यामुळं असेल तीन पौंड जास्त.” मग त्यांनी दत्तूची पिशवी उघडली, त्याच्या आईनं दिलेले धपाटे आणि शेंगाची चटणी बाकीच्यांत वाटून टाकली, आणि त्याच्या हातात दहा-बारा लिंबं ठेवली. “सकाळी लिंबू-पाणी. दुपारी एक भाकरी. संध्याकाळी लिंबू-पाणी. कोलंबोपर्यंत हेच.” दत्तूचा चेहरा असा झाला, जणू लिंबं आधीच पिळली होती.

मद्रासच्या गाडीत मी मुद्दाम त्याच्याशेजारी जागा धरली. वाडी स्टेशन आलं. मास्तर समोरच्या बाकावर टोपी डोळ्यांवर ओढून घोरायला लागले तसा तो माझ्या कानाशी आला. “बश्या, मास्तर झोपलं का?”

“झोपले.”

“डब्यात काय हाय रं?”

मी झाकण दोन बोटं उघडलं. तुपाचा वास पुरेसा होता. त्या गाडीत दत्तूनं चार रोट खाल्ले. खाताना तो खिडकीकडं तोंड करायचा, म्हणजे मास्तर जागे झाले तर तो आंध्राचा मुलूख बघतोय असं वाटावं. मी प्रत्येक वेळी म्हणायचो, “आणखी घे, तुझ्यासाठीच दिलेत अम्मानं.” तो म्हणायचा, “तुझी अम्मा लई चांगली.” गाडीत एक मद्रासी म्हातारे होते, त्यांना आम्ही खुणांनी आमचा खेळ सांगितला, ते आनंदानं “सडुगुडु! सडुगुडु!” असं खेळाचं त्यांच्याकडचं नाव घेत राहिले आणि दत्तूच्या दंडाला हात लावून बघत राहिले. अंग आंबून गेलं होतं, कोळशाची कुसळं डोळ्यांत, बाकाच्या फळ्या पाठीत उमटलेल्या. पण मी मनातल्या मनात कोलंबोच्या मैदानावर डाव्या कोपऱ्यात उभा होतो.

मद्रासला पुन्हा वजन. इथं माझी खरी कारागिरी. दत्तूचं वजन वाढलेलं दिसलं असतं तर मास्तरांनी त्याची भाकरीही बंद केली असती आणि माझ्या डब्यावर जप्ती आणली असती. म्हणून दत्तू यंत्रावर चढला तसा मी त्याच्या अगदी मागं उभा राहिलो, गर्दीत ढकलला गेल्यासारखा. दोन्ही हात त्याच्या कमरेच्या पट्ट्यात घातले आणि वर ओढून धरलं. तिकीट पडलं. एकशे एकोणचाळीस. मास्तरांचे डोळे पाणावले. “बघा रे,” ते सगळ्या संघाला म्हणाले, “याला म्हणतात संयम!” आणि त्यांनी दत्तूला बक्षीस म्हणून चार इडल्या खाऊ घातल्या.

पुढचा प्रवास आठवला की आजही माझी कंबर दुखते. मद्रासच्या एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर घोडागाडीत सामानासह कोंबून. मग रामेश्वरच्या बाजूला जाणारी दुसरी गाडी. मग एका छावणीत टोचल्याचे दाखले बघायला तासन्‌तास रांग. दंड आधीच सुजलेले आणि तिथला माणूस नेमका त्याच दंडावर टिचकी मारून विचारायचा, “दुखतं?” समुद्रावरच्या पुलावरून गाडी गोगलगायीसारखी गेली तेव्हा आमच्यातल्या एकानं पाण्याकडं बघून “नळदुर्गचा तलाव मोठा का ह्यो?” असं विचारलं, आणि कुणीच त्याला हसलं नाही. धनुष्कोडीला रूळ संपले तिथं बोट उभी होती. तोपर्यंत डब्यात शेवटचे दोन रोट उरले होते.

समुद्र लागेल तो दत्तूला, असं मी धरून चाललो होतो; एवढं खाल्लेलं पोट. लागला मला. बोट सुटून पाव तास झाला नसेल, माझ्या पायांखालची फळी एकदा वर आली, एकदा खाली गेली, आणि मी कठड्याला जाऊन लटकलो. त्यानंतरचं सगळं मला हिरवट रंगात आठवतं. दत्तू माझ्या मागं आला. एका हातानं त्यानं माझं कपाळ धरलं, दुसऱ्या हातात उरलेल्या दोनांतला एक रोट होता आणि तो खात होता. “वक, वक,” तो म्हणाला. “लाजू नगो. म्या हाय.” मग त्यानं खांद्यावरचा पंचा भिजवून माझं तोंड पुसलं. त्याच्या पिशवीत लिंबं तशीच होती, एकही न पिळलेलं. ती एकेक कापून त्यानं माझ्या जिभेवर पिळली. दोन तास तो फळीवर मांडी घालून बसला आणि माझं डोकं त्याच्या मांडीवर होतं. मास्तर स्वतःच एका कोपऱ्यात डोळे मिटून कन्नडमध्ये देवाचा धावा करत होते.

पलीकडचा किनारा दिसला तेव्हा बातमी आली की उतरायच्या आधी डॉक्टर बघणार, आणि कुणी आजारी वाटला तर त्याला त्याच बोटीनं परत पाठवणार. मला उभंही राहता येत नव्हतं. मास्तर घाबरून म्हणाले, “बशीर, एकटा कसा जाशील रे परत?” दत्तूनं मला उचलून रांगेत उभं केलं, पिशव्या आपल्या गळ्यात अडकवल्या आणि माझ्या अगदी मागं चिकटून उभा राहिला. आम्ही डॉक्टरसमोर आलो. डॉक्टरनं माझी जीभ बघितली, डोळे बघितले. मी ताठ उभा होतो. ताठ उभा होतो कारण माझ्या कमरेच्या पट्ट्यात मागून दत्तूचे दोन हात होते आणि त्यानं मला वर ओढून धरलं होतं.

डॉक्टरनं मान हलवली. आम्ही लंकेत पाय ठेवला. मी तिथंच एका पेटीवर बसलो आणि मला रडू आलं. दत्तूला वाटलं, आजारपणाचं असेल. “झालं की आता,” तो म्हणाला. “जमीन आली.”

तिथून रात्रभर गाडीनं येऊन सकाळी आम्ही कोलंबोला उतरलो. दुपारी दोनला वजन, पाचला यजमान संघाशी पहिला सामना. स्टेशनवर तसंच एक यंत्र होतं. मास्तर तिकिटांच्या भानगडीत होते तेवढ्यात मी दत्तूला ओढून त्यावर उभं केलं, आणि या खेपेला हात पाठीमागं बांधून लांब उभा राहिलो. एकशे पंचेचाळीस.

“दत्त्या,” मी म्हणालो, “पाच पौंड जास्त हाय तुझं वजन.”

त्यानं ते तिकीट बघितलं. कसं, का, काही विचारलं नाही. “किती वाजलं?” एवढंच म्हणाला.

“आठ.”

“मंग लई टाईम हाय.”

मी मास्तरांना सांगितलं, मशिदीत जाऊन येतो. दत्तू म्हणाला, म्याबी जातो. मास्तरांनी विचारलं, “तू मशिदीत काय करणार?” “ह्याला वाट दावतो,” दत्तू म्हणाला. कोलंबोत आम्ही येऊन अर्धा तास झाला होता.

मग समुद्राकाठच्या लांबलचक रस्त्यानं आम्ही पळायला सुरुवात केली. दत्तूच्या अंगात दोन सदरे, मास्तरांचा ढापलेला स्वेटर, आणि वरून जळकोटहून आणलेली काळी घोंगडी. ते ऊन कसलं! आपल्याकडचं ऊन भाजतं, तिथलं शिजवतं. घोंगडीखालून दत्तूच्या घामाची वाफ निघत होती. शाळेला निघालेली मुलं आमच्या मागं धावायला लागली. एका पोलिसानं शिट्टी वाजवून आम्हाला थांबवलं. दोन परके, एक घोंगडीत, जीव खाऊन पळतायत, म्हणजे काहीतरी चोरलं असणार. त्याला काही समजावता येईना. शेवटी मी दम धरून “हुतुतूतूतू” करत त्याच्या पायांपर्यंत चढाई करून दाखवली आणि दत्तूनं माझा घोटा धरून मला रस्त्यावर पाडलं. पोलीस इतका हसला की त्यानं शिट्टी वाजवत आमच्यासाठी वाट मोकळी करून दिली.

तीन तास पळून, न पाणी न पोळी, पुन्हा यंत्र. एकशे एक्केचाळीस. दत्तूच्या ओठांना पांढरी साल आली होती. रस्त्याच्या कडेला झाडाखाली न्हावी बसला होता. मी म्हणालो, “केस काढ.” दत्तूचं डोकं म्हणजे झुडपांचं रान, घामानं ओले झाल्यावर ते केस खरंच वजनदार वाटत होते. “डोकं करतो,” तो म्हणाला, “पर मिशीला हात न्हाय. बा जित्ता हाय माझा.” तो न्हाव्यापुढं बसला आणि थकून बसल्या बसल्याच झोपला. आमची भाषा न्हाव्याला येत नव्हती, आणि मी नारळाच्या पाण्याकडं बघत होतो. मी मान वळवली तेव्हा डोक्यासोबत अर्धी मिशीही गेली होती. जागा झाल्यावर दत्तूनं आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग गाल पुढं केला, उरलेली काढायला.

दोन वाजता आम्ही मैदानावर पोचलो. दत्तूचा तुळतुळीत गोटा आणि साफ ओठ बघून मास्तरांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. ते धावत आले, त्याचे दोन्ही हात धरले आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, “दत्तू, घरून तार आली का रे?” सगळा संघ मान खाली घालून उभा राहिला. एकानं तर दत्तूच्या वडिलांच्या चांगुलपणाबद्दल दोन शब्द बोलायलाही सुरुवात केली होती. “जित्ता हाय! बा जित्ता हाय!” दत्तू ओरडत काट्यावर चढला. तिथल्या साहेबानं वजनं सरकवली, दांडी हलली, हलली, आणि थांबली. बरोबर एकशे चाळीस.

पाच वाजता सामना सुरू झाला. मैदानाभोवती माणसं दाटली होती, आणि मी बाकावर, पाठीवर ‘नळ’. दत्तूनं पहिल्या डावात त्यांचे चार गडी धरले. नुसता घोटा नाही, माणूसच्या माणूस उचलून ठेवला. आम्ही पुढं होतो. मध्यंतरानंतर त्यानं पाचवा धरला आणि उठताना तसाच बसला. दोन्ही पोटऱ्यांत पेटके. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. त्याला उचलून आणला, मी त्याच्या पायांपाशी बसून तेल चोळायला लागलो, आणि मागून मास्तरांचा आवाज आला, “बशीर, चल. आत जा.”

ज्यासाठी हे सगळं केलं, ते असं समोर आलं. मला उठवेना. मी दत्तूच्या पोटरीवर हात तसेच ठेवले आणि एका दमात सांगून टाकलं. म्हणालो, “दत्त्या, रोट मी तुला मुद्दाम चारले. तुझं वजन वाढावं म्हणून. मद्रासला यंत्रावर मीच तुला उचलून धरलं होतं. मला तुझ्या जागेवर खेळायचं होतं.”

“ठावं हाय,” दत्तू म्हणाला.

“कधीपासून?”

“वाडीपासून. तू सोता एक बी रोट खाल्ला न्हाईस. तवाच वळखलं म्या.”

“मग खाल्लेस कशाला?”

“भूक लागली हुती, लेका.” आणि त्यानं दोन्ही हातांनी मला छातीवर ढकललं. “आता जा. त्यो काळ्या चड्डीवाला डाव्या अंगानं येतोय. त्याच्या पायाकडं बघू नगो, कमरेकडं बघ.”

मी आत गेलो. काळ्या चड्डीवाला डाव्या अंगानंच आला. मी कमरेकडं बघितलं, आणि त्याला धरला. पुढच्या वेळी तो माझ्या हातावर थाप मारून निसटला. आम्ही तो सामना तीन गुणांनी हरलो. दुसरा जिंकलो, तिसरा हरलो आणि परत निघालो. माझा नातू मला हल्ली टीव्हीवर मॅटवरचे सामने दाखवतो, त्यात बदली खेळाडू हसत हसत आत धावतो. मी त्याला सांगतो, तसं नसतं रे ते. पण कसं असतं, ते मला आजपर्यंत नीट सांगता आलेलं नाही.

पहिला सामना संपला तेव्हा दत्तू माझ्या खांद्यावर रेलून लंगडत चालला होता. यजमानांनी केळीच्या पानावर जेवण मांडलं होतं. भाताचा डोंगर, नारळाच्या दुधातली मासळी, जाळीदार पांढऱ्या पोळ्या. मास्तर पंगतीच्या टोकाला उभे होते. दत्तू पानावर बसला, त्यानं त्यांच्याकडं बघितलं. मास्तरांनी तोंड दुसरीकडं फिरवलं आणि म्हणाले, “खा बाबा, खा. पुढचं वजन परवा हाय.” दत्तूनं भात कालवला, पहिला घास उचलला आणि माझ्या तोंडापुढं धरला.

“आधी तू,” तो म्हणाला. “आता माझा इस्वास न्हाय तुझ्यावर.”